क्रिस्तपुराण : वेच्यातले आणि हस्तलिखितातले

मराठीच्या उच्च वर्गांत फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख बहुधा चार-पाच ओव्यांत आटोपते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या गोड आहेत, हे कोण नाकारील? परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाला एवढाच न्याय मिळावा, हे आम्हांस खटकते. मंगळवार पेठेतून शिवाजी विद्यापीठ फार दूर नाही; तेथे शिकणारी आपली मुले भेटली की क्रिस्तपुराणाचा विषय निघतो आणि त्या ओव्यांपाशीच थांबतो.

खरी मौज पुढेच आहे. हा ग्रंथ 1616 साली गोव्यात रोमी लिपीत छापला गेला. त्याच्या 1649 व 1654 साली आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. सालढाणा यांनी हस्तलिखिते जुळवून 1907 साली मंगळूरला रोमी आवृत्ती सिद्ध केली. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली तिचे देवनागरी रूप मराठी वाचकांपुढे ठेवले. दरम्यान जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे 1923 साली अभ्यासकांचे लक्ष वेधले होते.

या दोन परंपरांत भेद आहे. रोमी पाठात धर्मविषयक पोर्तुगीज शब्द येतात. त्याच ठिकाणी मार्सडेन प्रतीत संस्कृत वळणाचे शब्द भेटतात. अ‍ॅबट यांना देवनागरी पाठ मूळचा वाटला, तर इतर काहींना ते नंतरचे संस्करण वाटते. हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. आपल्या पूर्वजांना श्रद्धेची परिभाषा प्रथम कोणत्या शब्दांत मिळाली, हाच त्यातला प्रश्न आहे. त्यातच रोमी लेखनावरून ‘न’ की ‘ण’, हे संपादकाला अनेकदा ठरवावे लागते. म्हणजे आपण वाचतो त्यात संपादकाचाही थोडा हात असतो!

अध्यापकाने एकाच प्रसंगाचे दोन्ही पाठ छायाप्रती काढून शेजारी ठेवावेत, एवढेच आमचे मागणे आहे. जोडीला ग्रंथारंभीचे गद्य निवेदनही वाचावे. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द आपण मिसळले, असे कवी तेथे स्वतःच सांगतो. विद्यार्थी हे वाचून पाठांबद्दल स्वतःचे मत बनवील. ते चुकले तरी चालेल. मार्गदर्शिकेतले उसने मत लिहिण्यापेक्षा बरे.

आणि आपली धर्मग्रामे? जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जपाव्यात, असे धर्मसभेचा कायदा (कलम 535) सांगतो. बाप्तिस्म्याच्या वह्या म्हणून कुलपात राहतात. त्या खाजगी असल्याने कोणासही सरसकट दाखविता येत नाहीत, हेही योग्यच. पण आजीच्या ट्रंकेतली हाती लिहिलेली गीतांची वही कोणत्याच यादीत नसते. कोणी विद्यार्थी ती मागावयास आला, तर घरच्यांनी त्याला ओटीवर बसवून नक्कल करू द्यावी. वही मात्र बाहेर देऊ नये.