कुलवृत्तांत : आधी प्रश्न, मग साधन

आपल्या भागात लिहिल्या जाणाऱ्या कुलवृत्तांतांची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते : मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर आला व येथेच स्थिरावला. हे खरे असेलही. परंतु ते कोणत्या कागदावरून कळले, हे सांगितलेले नसते. आमचा आक्षेप एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. आधी अस्सल कागद, मागाहून कथन, ही त्यांची शिस्त घराण्याच्या इतिहासासही लागू आहे. साधन निवडायचे ते प्रश्न पाहून. घर येथे केव्हा आले, याचा माग बंदोबस्ताच्या व मालगुजारीच्या कागदांत घ्यावा. कोण कोणाचा पुत्र, हे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पाहावे. प्रत्येक साधनाची मर्यादाही नोंदवावी. जमिनीचा कागद धारकाचे नाव सांगतो; भूमिहीन घराविषयी, मुलीसुनांविषयी तो बहुधा मुका असतो.

येथील अडचणी येथल्याच आहेत. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. शोधकास त्यामुळे नागपूर, छिंदवाडा, पांढुर्णा अशा तिन्ही वाटा धुंडाळाव्या लागतात. हिंदी दप्तरात ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘काळे’ ‘काले’ म्हणून सापडतात. फसली सनात दख्खनी गणनेने ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, उत्तरेकडील गणनेने ५९२ किंवा ५९३. कागद कोणत्या गणनेचा, हे न ठरवता इसवी सन लिहिला तर दोन वर्षांची चूक वंशवृक्षात कायमची बसते.

संगणकावरील वंशवृक्ष सोयीचा खरा. परंतु त्यात आजीचे माहेरचे नाव व लग्नात ठेवलेले नाव ही दोन्ही भरली नाहीत, तर एकाच स्त्रीच्या दोन स्त्रिया होतात, किंवा ती नाहीशीच होते.

मौखिक परंपरा टाकाऊ नव्हे. सांगणाऱ्याचे नाव, नाते व दिनांक देऊन ती जशीच्या तशी टिपावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीविषयी कोणी प्रेमी युगुलाची कथा सांगतो, कोणी भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावाची. दोन्ही कथा जपाव्यात. मात्र दोहोंपैकी एकीलाही दाखला म्हणू नये.

मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि आपली नातवंडे हिंदी माध्यमात शिकतात. पेटीतला कागद विरला की त्यांच्या हाती आपण लिहिलेलेच राहील, आणि तेच ते पुरावा मानतील. म्हणून प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहावा. आधार नसेल तेथे ‘घरात असे सांगतात’ एवढेच लिहावे. अशाने वृत्तांताची पाने कमी भरतील, पण जी भरतील ती विश्वासाने वाचता येतील.