चमकते ती भुकटी, जंतू नव्हेत

प्रयोगसाहित्यासाठी शाळेला मिळणारे पैसे किती अपुरे असतात, हे शिक्षकांना सांगायला नको. अशा वेळी एखादी कंपनी रंगीत तक्ते आणि प्रात्यक्षिकाचा संच फुकट घेऊन आली, तर नाही कोण म्हणेल? पण फुकटचा धडाही पाठ्यपुस्तकाइतकाच बारकाईने तपासायला हवा, असे आम्हाला वाटते.

एक उदाहरण पाहू. हिंदुस्थान लिव्हरने २००२ साली ‘लाइफबॉय स्वास्थ्य चेतना’ हा कार्यक्रम महाराष्ट्रासह आठ राज्यांतील खेड्यांत सुरू केला. त्यातले शाळेतले प्रात्यक्षिक असे : मुलांच्या तळव्यांना पांढरी भुकटी लावायची, हात नुसत्या पाण्याने धुऊन अतिनील दिव्याखाली धरायचे. उरलेली भुकटी चमकते. मग साबणाने धुवायचे. चमक जाते.

उद्देशाबद्दल वाद नाही. साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे मुलांमधील अतिसार सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. आक्षेप पद्धतीबद्दल आहे. चमकते ती भुकटी, जंतू नव्हेत. पण मुलांच्या मनात जंतू म्हणजे चमकणारी वस्तू अशी कल्पना बसते. शिवाय उत्तर आधीच ठरलेले असते. ज्यात वेगळे उत्तर येण्याची शक्यताच नाही, त्याला प्रयोग कसे म्हणावे?

केडगावच्या एका वर्गात आम्ही हाच पाठ घरच्या वस्तूंनी करून पाहिला. तळव्यांना तेलात कालवलेली हळद लावली. काहींनी नुसत्या पाण्याने हात धुतले, काहींनी अंगाच्या साबणाने, काहींनी राखेने, काहींनी रिठ्याच्या पाण्याने. पाण्याने तेलकट हळद निघेना. साबण आणि राख लावताच मात्र पिवळे हात लाल झाले! रिठ्याने झाले नाहीत. ‘असे का?’ हा प्रश्न आमच्या टाचणात नव्हता. त्यातून आम्ल-अल्कलीचा पाठ आपोआप सुरू झाला. हळदही जंतू नव्हे, हे आम्ही मुलांना आधीच सांगितले होते.

‘जंतुनाशक’ या शब्दाबद्दलही वर्गात बोलावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये असलेल्या घरगुती जंतुनाशक साबणांच्या विक्रीला मनाई केली. साध्या साबणापेक्षा ते अधिक गुणकारी आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यामुळे असे संच शाळेच्या दारात येत राहणार. ते जरूर घ्यावेत. पण आधी विचारावे : यात मुलांना स्वतः पडताळून पाहता येईल असे काय आहे? मालाचे नाव झाकले तर पाठ उरतो का? आणि हात धुवायला शाळेच्या नळाला पाणी आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या तक्त्यावर नसते. ते शासनाकडेच मागायचे असते, आणि संच मिळाला म्हणून ती मागणी सोडायची नसते.