शब्द एकाचे, साक्ष कोणाची?

उद्योगपतींची आत्मचरित्रे हा आजच्या ग्रंथव्यवहारातील एक भरभक्कम विभाग होऊन बसला आहे. मुलगा पदवीधर झाला किंवा भाच्याने लहानसा धंदा सुरू केला की असे एखादे पुस्तक त्याच्या हाती कौतुकाने ठेवले जाते. तोही ते विश्वासाने वाचतो, कारण पानापानांतून एक ‘मी’ त्याच्याशी बोलत असतो. हा ‘मी’ पुष्कळदा दोन माणसांचा मिळून बनलेला असतो. कर्तृत्व एकाचे असते आणि वाक्ये दुसऱ्याची. या दुसऱ्या माणसाचे वाचकाशी काही नाते असते काय, आणि असल्यास कोणते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

इंग्रजीत अशा लेखकाला ‘घोस्ट’, म्हणजे भूत, म्हणतात. मराठीने त्याची अधिक सन्मानाने सोय लावली आहे. ‘शब्दांकन’ असे लिहून त्यापुढे त्याचे नाव देण्याची आपली पद्धत आहे. मुळात दुसऱ्याच्या हाताने लिहिणे यात गैर असे काही नाही. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीला सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून आदराने उल्लेख येतो. संत पौलाचे रोमकरांस पत्र ज्याने लिहून घेतले तो तर्तिय पत्राच्या अखेरीस स्वतःच्या नावाने वाचकांना सलाम सांगतो. हे दोघे सांगितलेले उतरून घेणारे होते. आजचा सहलेखक त्याहून पुष्कळ अधिक करतो. काय सांगावे, काय गाळावे आणि कोणत्या क्रमाने मांडावे हेही बहुधा तोच ठरवतो. अधिकार वाढला की उत्तरदायित्वही वाढले पाहिजे.

या दृष्टीने पाहता आल्फ्रेड स्लोन यांच्या ‘माय इअर्स विथ जनरल मोटर्स’ या ग्रंथाची कथा मोठी उद्बोधक आहे. स्लोन १९२३ पासून १९३७ पर्यंत जनरल मोटर्सचे अध्यक्ष आणि पुढे १९५६ पर्यंत संचालक मंडळाचे प्रमुख होते. त्यांचा ग्रंथ घडवला तो ‘फॉर्च्यून’ मासिकाचे लेखक जॉन मॅक्डोनल्ड यांनी. पुढे उद्योगांच्या इतिहासाचे अग्रगण्य अभ्यासक म्हणून ख्यात झालेले आल्फ्रेड चँडलर संशोधनासाठी त्यांच्या मदतीला होते. कंपनीची जुनी टिपणे, समित्यांचे अहवाल आणि १९२१ सालचे उत्पादनविषयक धोरण यांच्या आधारे हा ग्रंथ रचला गेला. केवळ आठवणींवर विसंबून न राहता कागदपत्रांशी ताडून पाहिलेले असे आत्मकथन उद्योगपतींच्या पुस्तकांत विरळाच.

नेमक्या याच गुणामुळे ते अडले. या कागदपत्रांचा आधार घेऊन सरकार मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कंपनीचे तुकडे पाडील, अशी धास्ती जनरल मोटर्सच्या वकिलांना वाटली. तयार ग्रंथ जवळजवळ पाच वर्षे दडपून ठेवण्यात आला. स्लोन यांचे वय तेव्हा ८० च्या पुढे होते. जिच्यासाठी आयुष्य वेचले त्या कंपनीविरुद्ध उभे राहणे त्यांच्याने झाले नाही. उभा राहिला तो पडद्यामागचा लेखक. मॅक्डोनल्ड यांनी एकट्याच्या बळावर त्या बलाढ्य कंपनीला न्यायालयात खेचले. अखेर कंपनीने माघार घेतली आणि १९६४ च्या आरंभी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर लेखक म्हणून नाव स्लोन यांचे आहे. मॅक्डोनल्ड आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन स्टीव्हन्स यांची नावे संपादक म्हणून आहेत.

पुढे १९९० च्या आवृत्तीला पीटर ड्रकर यांनी प्रस्तावना लिहिली. ग्रंथातील व्यक्ती हयात असेपर्यंत तो प्रसिद्ध करू नये, या सौजन्यापोटी स्लोन थांबले, असा विलंबाचा खुलासा तीत आला. कथा शोभिवंत होती, खरी नव्हती. मॅक्डोनल्ड यांनी ‘अ घोस्ट्स मेमॉयर’ या पुस्तकात सारी हकिगत नोंदवून ठेवली आणि ती त्यांच्या निधनानंतर, २००२ मध्ये, प्रसिद्ध झाली. ज्याला भूत म्हटले जाते त्यानेच इतिहासाची दुरुस्ती करावी, यातील औचित्य विसरण्याजोगे नाही.

तथापि या ग्रंथाचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. १९३६ च्या डिसेंबरअखेरीस फ्लिंट येथील कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. ४४ दिवस चाललेल्या या संपाने कंपनीला कामगार संघटनेशी बोलणी करणे भाग पाडले. ग्रंथात या प्रकरणाची वासलात थोडक्यात, आणि तीही व्यवस्थापनाच्या बाजूने, लावलेली आहे. समित्यांच्या टिपणांत कामगाराचा आवाज नव्हता. म्हणून तो ग्रंथातही आला नाही. कागदपत्रांशी इमान राखणाऱ्या लेखकाने हे कागद कोणी लिहिले, हेही विचारावयास हवे होते.

ली आयकोका यांचे १९८४ चे आत्मचरित्र याहून वेगळ्या जातीचे आहे. इटालियन स्थलांतरितांच्या कॅथलिक घरात जन्मलेल्या या माणसाला १९७८ साली हेन्री फोर्ड दुसरे यांनी कामावरून काढले. पुढे त्यांनी बुडत्या क्रायस्लर कंपनीला सरकारी हमीच्या कर्जावर तारले आणि ते कर्ज १९८३ मध्ये मुदतीच्या कितीतरी आधी फेडले. पुस्तकाला बोलण्याची उत्तम लय आहे. ती साधली विल्यम नोव्हाक यांनी, आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर प्रांजळपणे दिलेले आहे. १९८४ आणि १९८५ अशी सलग दोन वर्षे हे अमेरिकेतील सर्वाधिक खपाचे कथेतर पुस्तक ठरले. नोव्हाक यांच्या वाट्याला मात्र आधी ठरलेली रक्कम तेवढी आली. पुस्तकाचा दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. दुखावलेल्या माणसाची तक्रार इतक्या रसाळपणे सांगितली आहे, की हेन्री फोर्ड यांनाही काही म्हणावयाचे असेल हे वाचकाच्या ध्यानातच येत नाही. नाटक रंगते, पण खलनायकाला संवाद दिलेले नाहीत.

तिसरे उदाहरण खेदकारक आहे. डोनाल्ड ट्रम्प यांचे ‘द आर्ट ऑफ द डील’ हे पुस्तक १९८७ साली टोनी श्वार्ट्झ यांनी लिहिले. आगाऊ रकमेचा आणि विक्रीच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा त्यांना मिळाला. पुढे २०१६ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाला त्यांनी जे सांगितले ते असे: ट्रम्प मुलाखतीसाठी स्थिर बसत नसत, म्हणून आपण त्यांच्या कचेरीत बसून त्यांची दूरध्वनीवरील संभाषणे ऐकत असू, सत्याला धरून केलेली अतिशयोक्ती, अशा अर्थाचा त्या पुस्तकातील प्रसिद्ध शब्दप्रयोगही आपणच घडवला, आणि या साऱ्याचा आपल्याला तीव्र पश्चात्ताप होतो. ट्रम्प यांनी मात्र पुस्तक आपणच लिहिल्याचे सांगितले. श्वार्ट्झ यांचे नाव मुखपृष्ठावर होते, मोबदलाही भरपूर होता. म्हणजे नाव आणि दाम ही दोन्ही चोख असली तरी साक्ष चोख असतेच असे नाही. असत्याला गोंडस नाव देणारा लेखक त्या असत्याचा भागीदार होतो. कबुलीचे मोल मी कमी लेखत नाही. पण ती येईपर्यंत २९ वर्षे लोटली होती आणि पुस्तक लाखो हातांत पोहोचले होते.

या तीन पुस्तकांवरून एक कसोटी हाती लागते. सहलेखक मालकाचा पैसा घेतो, म्हणून मालकाच्या गुपितांविषयी तो बांधील असतो, हे मान्य. पण ज्या क्षणी तो ‘मी’ हे सर्वनाम दुसऱ्यासाठी लिहितो, त्या क्षणी तो वाचकाचाही देणेकरी होतो. मॅक्डोनल्ड यांनी हे ऋण ओळखले आणि त्यासाठी न्यायालयाची पायरी चढली. नोव्हाक यांनी ते कसबाने अर्धेमुर्धे फेडले. श्वार्ट्झ यांना ते फार उशिरा आठवले.

आपल्या घराघरांतून अशी पुस्तके यापुढेही येतील, आणि यावीत. मुलाच्या हाती ती देताना शब्दांकन कोणाचे आहे ते पान उघडून दाखवावे. जिथे नायकाचे यश सर्वांत झळझळीत दिसते, तिथे त्याच्यासोबत राबणारे आणि त्याच्याशी भांडणारे काही बोलतात का, हे शोधण्यास सांगावे. आपल्यातील जे तरुण लेखक उद्या कोणा उद्योजकासाठी लेखणी हाती धरतील, त्यांनी मोबदल्याच्या कराराबरोबरच एक अधिकार आधीच मागून घ्यावा: खोटे वाक्य लिहिण्यास नकार देण्याचा. तो अधिकार मिळत नसेल, तर ते काम सोडलेले बरे.