आज्ञासूचीतील चित्र आणि शब्द

संगणकाच्या पडद्यावरील आज्ञा चित्राने दर्शवावी की शब्दाने, हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटला, तरी मूलतः तो चिन्हमीमांसेचा आहे. चित्र सर्वांस सारखेच कळते, त्यास भाषेचा अडसर नाही, असे चित्रपक्षाचे प्रतिपादन असते. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सूझन केअर यांच्या चित्रखुणांमुळे प्रसिद्धी पावलेल्या १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये दस्तऐवज, कचरापेटी इत्यादी वस्तू चित्ररूपाने दिसत. आज्ञासूचीतील क्रिया मात्र शब्दांनीच लिहिलेल्या असत. नाम चितारावे, क्रियापद लिहावे, असा हा विवेक होता. पुढे तो सुटला आणि ‘जतन करा’ या क्रियेसाठी फ्लॉपीचे चित्र रूढ झाले. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबविली. चित्र मात्र टिकून राहिले. फ्लॉपी कधीही न पाहिलेला विद्यार्थी त्याचा अर्थ जाणतो, तो सादृश्याने नव्हे, तर संकेताने. चार्ल्स पर्स यांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर प्रतिमा येथे प्रतीक बनली आहे. म्हणजेच शब्दाप्रमाणे तीही शिकावीच लागते. शब्दाचे सामर्थ्य मात्र तिला लाभत नाही. ‘जतन करा’ आणि ‘दुसऱ्या नावाने जतन करा’ यांतील भेद चित्राने दाखवू गेल्यास आणखी एक संकेत शिकविणे ओघानेच येते.

परिचित आज्ञा शोधताना चित्र डोळ्यास साहाय्य करते, हे मान्यच आहे. अर्थनिश्चितीचे कार्य मात्र शब्दाचे होय. म्हणून चित्राच्या तथाकथित सार्वत्रिकतेवर विसंबून मराठी आज्ञाशब्दांची घडण गौण लेखणे शास्त्रास धरून नाही.