प्रतिवादाची रीत : डॉ. आंबेडकरांच्या भाषावार प्रांतरचनाविषयक युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

राजकीय वक्तृत्वाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा विनोद, उपहास आणि शब्दफेकीकडे वेधले जाते. प्रतिपक्षाच्या मुद्द्याला वक्ता नेमके काय उत्तर देतो, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहतो. वस्तुतः श्रोत्याचे मतपरिवर्तन याच ठिकाणी घडते. या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 1948 चे भाषावार प्रांत आयोगापुढील निवेदन आणि 1955 मधील भाषिक राज्यांविषयीचे चिंतन यांचा तौलनिक विचार उद्बोधक ठरतो.

हे निवेदन 14 ऑक्टोबर 1948 चे आहे. त्याच्या महिनाभर आधी, 17 सप्टेंबर रोजी, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले होते. गोदाकाठचे शहागड आणि त्याच्या परिसरातील अंबड तालुका तोवर निजामी राजवटीत होता. महाराष्ट्राच्या रचनेवरील वादाचे परिणाम पुढे अशाच गावांना भोगावयाचे होते.

1948 : प्रतिवादाच्या चार पायऱ्या

मुंबई महाराष्ट्रात असू नये, असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे आंबेडकर प्रथम क्रमवार मांडतात. मुंबई कधीच महाराष्ट्राचा भाग नव्हती, तेथे मराठी भाषक बहुसंख्य नाहीत, तिचा व्यापार दूरच्या प्रदेशांशी आहे, उद्योग गुजराती भाषकांनी उभारले आणि मराठी माणूस तेथे केवळ कारकून व हमाल आहे, हे त्यांतील प्रमुख मुद्दे होत. प्रतिपक्षाचे म्हणणे सौम्य करून किंवा विकृत करून मांडण्याचा मोह ते टाळतात. ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी सिद्धतेच्या जबाबदारीची आहे. भूगोलाने जोडलेले शहर तोडण्याची मागणी ज्यांची, पुरावाही त्यांनीच द्यावा, अशी भूमिका घेऊन ते वादाची बैठकच बदलतात. उत्तर देणारा आता बचावाच्या स्थितीत राहत नाही.

तिसऱ्या पायरीवर ते प्रतिपक्षाच्या मुद्द्यामागील तत्त्व वेगळे काढतात आणि तेच अन्यत्र लावून पाहतात. बाहेरून आलेल्यांची वस्ती मोठी म्हणून मुंबई महाराष्ट्राची नसेल, तर कलकत्ता बंगालचे कसे? बंदराचा उपयोग इतर प्रदेश करतात म्हणून बंदरावरील हक्क जात असेल, तर स्वित्झर्लंडला स्वतःचे बंदर नाही, म्हणून शेजारी देशांची बंदरे त्या देशांची राहत नाहीत काय? येथे प्रतिपक्षाची निंदा नाही. त्याच्याच नियमाची कसोटी आहे.

चौथी पायरी अपमानास दिलेल्या उत्तराची आहे. ‘कारकून व हमाल’ या हिणवण्यावर संतापाने तुटून पडणे सोपे होते. आंबेडकर वस्तुस्थितीकडे वळतात. मुंबईचे उद्योग उभारण्यात युरोपीयांचा वाटा किती होता, हे ते दाखवितात. पुढे जाऊन, प्रतिपक्षाचा दावा क्षणभर मान्य केला तरी निष्कर्ष बदलत नाही, हेही सांगतात. जमीन गहाण घेणाऱ्याने तिच्यावर पक्की इमारत बांधली म्हणून मूळ मालकाचा हक्क बुडत नाही, हा त्यांचा दृष्टान्त कायद्याच्या अभ्यासातून आलेला असला तरी शेतकऱ्यालाही सहज उमगणारा आहे.

1955 : स्वतःशीच प्रतिवाद

एवढे करूनही आयोगाने डिसेंबर 1948 मध्ये भाषावार प्रांतरचनेच्या विरोधात अहवाल दिला. तेव्हा प्रभावी प्रतिवाद आणि अनुकूल निर्णय यांत अटळ नाते मानता येत नाही.

1948 मध्ये एकसंध महाराष्ट्राचा पुरस्कार करणारे आंबेडकर 1955 मध्ये मराठी भाषकांची चार राज्ये सुचवितात. त्यांत मराठवाड्याचे, म्हणजे मध्य महाराष्ट्राचे, राज्य स्वतंत्र होते. येथे त्यांचे पूर्वीचे मतच त्यांच्यासमोर प्रतिपक्ष म्हणून उभे राहते. विचार बदलल्याची कबुली ते प्रस्तावनेतच देतात आणि शिकलेले विसरण्याचे धैर्य जबाबदार माणसाकडे असावे, असे मानतात. ‘एका राज्यात एक भाषा’ आणि ‘एका भाषेचे एकच राज्य’ ही दोन तत्त्वे एक नव्हेत, हा भेद त्यांच्या नव्या मांडणीचा पाया आहे. निजामी राजवटीत कालवे आणि शाळा यांपासून वंचित राहिलेला मराठवाडा पुणे व नागपूर यांच्या वर्चस्वाखाली गेल्यास त्याचे काय होईल, ही चिंता त्यांनी उघडपणे व्यक्त केली.

मुंबईच्या वादात समोर बलवान प्रतिवादी होते. मराठवाड्याच्या बाबतीत आक्षेप घेणारा आवाजच क्षीण होता. तो आंबेडकरांनी स्वतः उच्चारला.

1 मे 1960 रोजी मुंबई आणि मराठवाड्यासह एकच महाराष्ट्र अस्तित्वात आला. चार राज्यांची सूचना मागे पडली. मात्र प्रादेशिक असमतोलाची चर्चा पुढेही चालूच राहिली. सूचना नाकारली गेली, तरी तिच्यामागील आक्षेप निकालात निघाला नव्हता.

समारोप

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडणे, सिद्धतेची जबाबदारी निश्चित करणे, तत्त्वाची अन्यत्र परीक्षा घेणे आणि अपमानाला पुराव्याने उत्तर देणे ही समर्थ प्रतिवादाची लक्षणे 1948 च्या निवेदनातून स्पष्ट होतात. 1955 चे चिंतन त्यांत आणखी एका लक्षणाची भर घालते. ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी उपस्थित नाही, त्याचा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. वादविवाद स्पर्धांमधून विद्यार्थ्यांना पहिली चार कौशल्ये शिकविता येतात. पाचव्यासाठी मात्र जिंकण्याची इच्छा काही काळ बाजूला ठेवण्याची तयारी लागते.