चार हॉर्न, चार षड्ज

‘हॅम्बुर्ग कॉन्चेर्टो’ ही हंगेरीत घडलेल्या ग्योर्गी लिगेती (१९२३–२००६) यांची उतारवयातील रचना. १९९८-९९मध्ये लिहिलेली, २००१मध्ये हॅम्बुर्गला प्रथम सादर झालेली आणि हॉर्नवादिका मारी-लुइझे नॉयनेकर यांना अर्पण केलेली. ती अवघड आहे हे कोणीही सांगेल. प्रश्न असा की ती अडचण नेमकी कशात आहे?

हॉर्न म्हणजे मुळात वेटोळे केलेली पितळी नळी. झडपा नसलेल्या जुन्या, ‘नैसर्गिक’ हॉर्नवर त्या नळीच्या मूळ स्वराचे उपस्वरच सहज मिळतात. ओठांचा ताण बदलून त्यांतला एकेक निवडायचा. वर जावे तसे ते इतके दाटीने येतात, की ओठ जरा ढळला तरी शेजारचा स्वर लागतो. शिवाय सातवा उपस्वर हार्मोनियमच्या कोमल निषादाहून ३१ सेंट उतरलेला (अर्धस्वर म्हणजे १०० सेंट), तर अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या जवळजवळ मधोमध. कर्ण्यात हात घालून हे स्वर ‘सुधारणे’ ही हॉर्नवादकाची जुनी विद्या. लिगेतींना ते न सुधारलेलेच हवे आहेत. वर्षानुवर्षे अंगी बाणलेली सवय आवरायची, ही खरी कसोटी.

तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार ओळखणाऱ्या आपल्या कानाला हे घरचेच वाटेल. पण हे साम्य फार ताणता येत नाही. तंबोरा एकच षड्ज धरून बसतो, म्हणून त्याचे उपस्वर विसावा देतात. येथे एकल वादक आधुनिक आणि नैसर्गिक हॉर्न आलटून पालटून वाजवतो आणि त्याच्याभोवती वेगवेगळ्या मूळ स्वरांचे चार नैसर्गिक हॉर्न असतात. प्रत्येकजण आपल्या षड्जाशी प्रामाणिक. पण एकाचा गंधार दुसऱ्याच्या हिशेबाने बेसूर. निवाडा करणारा सामाईक षड्जच नाही. या स्वरमेळाला सुसंवादी म्हणता येत नाही आणि विसंवादीही नाही, ते यामुळेच.

रचनेची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. पुढे जोडलेला सातवा भाग धरूनही सारे जेमतेम पाव तासात आटोपते. कान एका स्वरमेळात रुळू लागतो तोच भाग संपतो. विलंबित ख्यालात मुरलेल्या श्रोत्याला ही तोकडी मांडणी खटकेल.

तरीही ती ऐकावी, आणि पहिल्यांदा ऐकताना एकल वादकाचा माग सोडून त्या चार हॉर्नांकडे कान लावावा. ‘सूर लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो कोणाच्या षड्जाला लागला, हा प्रश्न तेथे उघड ऐकू येतो.