वांडा लांडोव्स्का : वाद्य आणि विद्या

वांडा लांडोव्स्का (१८७९–१९५९) यांच्याविषयी लिहिणारे बहुधा दोनपैकी एक टोक गाठतात. कोणी त्यांना हार्पसिकॉर्डच्या उद्धारकर्त्या मानतात. कोणी, त्यांनी वाजविले ते वाद्य मुळी हार्पसिकॉर्डच नव्हते, असा आक्षेप घेतात. आक्षेप बव्हंशी खरा आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र आम्हांस ग्राह्य वाटत नाही.

हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की एक बारीक नखी तार छेडते. सतारीशी असलेले साम्य येथेच संपते. कारण बोटाच्या जोराने हा नाद जवळजवळ लहानमोठा होत नाही. पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने लांडोव्स्कांसाठी घडविलेले वाद्य १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ येथील बाख-महोत्सवात पुढे आले. पियानोच्या धर्तीची जड बांधणी, पिसाऐवजी चामड्याची नखी, एक सप्तक खाली बोलणाऱ्या तारांचा संच आणि हे संच बदलण्यासाठी पायपट्ट्या, असा त्याचा थाट होता. मोठे सभागृह भरून टाकण्याची ही निकड विसाव्या शतकाची. बाखच्या काळाची नव्हे.

परंतु नाद लहानमोठा होत नसेल, तर भाव कशातून प्रकट व्हावा? स्वर किती काळ धरावा, केव्हा सोडावा, दोन स्वरांत किती अवकाश ठेवावा, यांतून. ही बोटांची विद्या प्लेयेलवरही शिकविता येत होती, आणि लांडोव्स्कांनी ती शिकविली. १९१३ पासून बर्लिनच्या संगीतविद्यालयात त्या हार्पसिकॉर्ड शिकवीत. १९२५ मध्ये पॅरिसजवळील सँ-ल्यू-ला-फोरे येथे त्यांनी प्राचीन संगीताची स्वतःची शाळा काढली. तेथेच १९३३ मध्ये त्यांनी बाखच्या ‘गोल्डबर्ग’ रचना समग्र वाजविल्या. या रचनांतील कित्येक भाग दोन पट्टीफलकांसाठी लिहिलेले आहेत; पियानोच्या एकाच फलकावर दोन्ही हात एकमेकांत अडकतात. येथे वाद्याची निवड ही केवळ हौस उरत नाही, तो अर्थनिर्णयाचा प्रश्न होतो. त्यांचे शिष्य राल्फ कर्कपॅट्रिक यांनी १९३८ मध्ये याच रचनांची आवृत्ती सिद्ध केली व १९५३ मध्ये दोमेनिको स्कार्लात्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूची नाट्यमय शैली त्यांनी उचलली नाही. घराण्याच्या कल्पनेत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे खटकेल. आम्हांस तर त्यातच अध्यापनाचे यश दिसते.

१९४० मध्ये जर्मन सेना आली. लांडोव्स्का ज्यू कुळातील; त्यांना पळावे लागले आणि शाळेतील वाद्ये व ग्रंथ नाझींनी लुटून नेले. १९४१ च्या डिसेंबरात त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. पुढील फेब्रुवारीत टाउन हॉलमध्ये त्यांनी पुन्हा ‘गोल्डबर्ग’च वाजविले.

१९४९ ते १९५४ या काळात त्यांनी मुद्रित केलेल्या बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’मध्ये तारसंचांची अदलाबदल आज अनावश्यक वाटते, क्वचित भपकेबाजही. पण पायपट्ट्यांकडे दुर्लक्ष करून फ्यूगमधील एखादाच मधला स्वरप्रवाह कानाने धरून ठेवावा. तो शेवटपर्यंत कोठेही हरवत नाही.